ढ यंत्राशी बुद्धिबळ

३ फेब्रुवारी

चि. भोपूस,
ताईचे अ. उ. आ. (आशीर्वादाला पैसे पडत नाहीत, म्हणून अनेक.)

फोन सोडून पत्र का, म्हणशील. मी फोन हातात घेतला की बाबा शेजारी येऊन बसतात, आणि विषय त्यांचाच आहे.

आई गेल्यापासून बुद्धिबळाचा पट खिडकीपाशी मांडून ठेवलाय. बाबा रोज सोंगट्या पुसतात आणि जागच्या जागी ठेवतात. खेळत मात्र नाहीत. मी समोर बसून पाहिलं, पण माझा खेळ तुला ठाऊक आहे. घोडा अडीच घरं जातो एवढं मला कळतं; कुठली अडीच, ते ऐनवेळी आठवत नाही. म्हणून मी त्यांच्याशी खेळणारा रोबो बनवते आहे. हसून घे, मग पुढे वाच.

दात बनवायची आमची लॅब बंद झाली, आता कवळ्या एक यंत्रच छापतं. यंत्रानं माझं काम घेतलं, तेव्हा मीही एका यंत्राला कामाला जुंपावं, एवढाच माझा सूड. बाकी मी मजेत. उशिरापर्यंत झोपते, हा नवा छंद.

रोबोचा हात म्हणजे टेबल-लॅम्पचा दांडा. मोटारी जुन्या प्रिंटरच्या. सोंगटी निसटू नये म्हणून बोटांना कवळीच्या हिरडीचा गुलाबी मसाला लावलाय, त्यामुळे हात प्यादं उचलायला आला की चावायला आल्यासारखा दिसतो. काल पहिल्यांदा चालू केला. त्याच्या कॅमेऱ्यानं बाबांच्या औषधाची पांढरी बाटली हत्ती म्हणून ओळखली आणि हातानं ती ऐटीत पटावर आणून ठेवली. बाबांनी शांतपणे विचारलं, ही खेळी नियमात बसते का? आई गेल्यावरचा त्यांचा हा पहिला विनोद. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता याला डोकं हवं. ते तू लिहून पाठव. इतकी वर्षं कंपनीत कीबोर्ड बडवतोस, घराला एकदा तरी उपयोग होऊ दे. लोभ आहेच; वाढवायचा की नाही, ते काम बघून ठरवीन.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
भोपूचा सा. न. वि. वि.

डोकं पाठवलं आहे. जगज्जेत्यांना लोळवणारे प्रोग्राम हल्ली फुकट मिळतात. पण तसला बसवला असता तर बाबांनी दुसऱ्या दिवशी पट माळ्यावर टाकला असता. म्हणून मी त्याला मुद्दाम ढ केलंय.

शहाण्याला ढ करणं वाटतं तितकं सोपं नाही. बरेच दिवस जमेना. शेवटी माझाच खेळ नमुना म्हणून घेतला आणि काम झटक्यात झालं. आता ते वजीर उघड्यावर सोडतं, प्याद्यांच्या मागे धावतं, आणि डोळ्यांसमोरची मात त्याला दिसत नाही. ऑफिसात मी सांगितलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम चाललंय. कृत्रिम मूर्खपणावर चाललंय, हे कशाला सांगू?

बाबा रोज जिंकतील आणि खूश राहतील. त्यांना अर्थातच यातलं काही बोलू नकोस. आणि ते उशिरापर्यंत झोपणं मला आवडलं नाही. बरी आहेस ना?

बाबांना नमस्कार, यंत्राला टपली, आणि तुझा लोभ मात्र माझ्याकडेच असू दे.

तुझा,
भोपू


२ मार्च

चि. भोपूस,
अ. उ. आ.

यंत्र जिंकलं! सुरुवातीला बाबाच जिंकायचे. जिंकले की छान म्हणायचे आणि पेपर उघडायचे, आणि मी तोंड पाडून स्क्रू पिळत बसायची. मग एके दिवशी यंत्रानं मात केली. मी ओरडत जिना उतरले. खालच्या शिंपीणबाईंना वाटलं घराला आग लागली. त्या पाण्याची बादली घेऊनच वर आल्या. तेव्हापासून ते रोज जिंकतंय. मी सकाळी लवकर उठून त्याला तेल घालते, बोटं तपासते. आपण किती हुशार आहोत, हे मला या वयात कळतंय.

इथवर लिहून तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. तू तर म्हणतोस ते ढ आहे. मग बाबा त्याच्याकडून हरतात कसे? काल त्यांनी आपला वजीर सरळ त्याच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. विचारलं तर म्हणाले, नजरचूक. परवा चष्मा शोधत होते. तो डोक्यावरच होता. भोपू, मला भीती वाटते रे. लवकर लिही.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अर्धं वाचून मी ऑफिसात केक वाटला. उरलेलं अर्धं घरी येऊन वाचलं.

प्रोग्राम तपासला. ढच आहे. मी स्वतः खेळून पाहिलं, मीसुद्धा जिंकलो. माझ्याकडून हरणारं यंत्र बाबांना हरवतं, याचा एकच अर्थ निघतो आणि तो लिहायला हात धजत नाही. तुमच्या गावातल्या स्मृतीच्या विकारांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. तिथल्या मुलीनं विचारलं, काय होतंय? म्हटलं, वडील यंत्राकडून हरतात. ती म्हणाली, हल्ली सगळेच हरतात.

बाबांना रक्तदाब तपासायचा आहे म्हणून सांग. मी रजा टाकतो आहे. वेळ पडली तर त्यांना इकडे घेऊन येऊ. आपल्या खेळण्यातून हे कळावं, याचं फार वाईट वाटतंय. धीर धर, आणि थोडा मलाही पाठव.

तुझा,
भोपू


२१ मार्च

चि. भोपूस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

रजा रद्द कर.

रक्तदाबाच्या नावाखाली मला नेलं आणि तिथे कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तुम्हा दोघांचं डोकं कुठे चाललंय ते मी तेव्हाच ओळखलं. ताईला बाहेर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. चष्म्याचं म्हणशील तर तो मी तरुणपणापासून शोधतो आहे. त्यावर औषध नाही, असं त्यांचं मत पडलं.

मी मुद्दाम हरतो.

लॅब बंद झाल्यापासून ताई दुपारपर्यंत अंथरुणात पडून असायची. विचारलं की म्हणायची, मजेत आहे. या यंत्राचं खूळ डोक्यात शिरलं आणि ती केस विंचरायला लागली. पण मी जिंकलो की तिचा चेहरा उतरायचा. आणि ते जिंकलं त्या दिवशी पोरगी जिनाभर ओरडत गेली. मग मी कशाला जिंकू? तिला वाटतं, यंत्र माझ्या सोबतीला आहे. वाटू दे.

तक्रार तुझ्याबद्दल आहे. याच्याकडून हरायला मला घाम फुटतो. वजीर पुढ्यात नेऊन ठेवावा, तर हे भलतंच प्यादं खातं. परवा माझा राजा मीच चारी बाजूंनी कोंडून मात होण्याची वाट बघत बसलो, तर यानं घोडा परत घरी नेला. ही अक्कल कुणाची, ते मला पहिल्याच डावाला कळलं होतं. तुझ्या आईकडून हरणं किती सोपं होतं. ती खरोखरच जिंकायची.

डॉक्टरीणबाईंनी नंतर ताईला आत बोलावून, मी ठणठणीत आहे एवढंच सांगितलं आणि यंत्राच्या बोटांबद्दल बारकाईनं विचारलं. त्यांच्याकडे येणाऱ्या काही जणांचे हात थरथरतात, चमचा धरता येत नाही. तशी पकड करून देशील का, म्हणाल्या. ताई पटकन नाही म्हणाली. घरी आली आणि घरातल्या चमच्यांच्या दांड्यांची जाडी मोजत बसली. आज सकाळी ती नमुने घेऊन हॉस्पिटलात गेली आहे. मला एकटं वाटू नये म्हणून जाताना यंत्र चालू करून गेली.

तिची पावलं जिना उतरेपर्यंत मी थांबलो. मग त्याला हरवलं. पुन्हा डाव मांडला, पुन्हा हरवलं. फार बरं वाटलं. ती आल्यावर विचारील, तेव्हा हरलो म्हणून सांगणार आहे. तूही तेच धरून चाल.

कळावे; पण फक्त तुलाच.

तुझे,
बाबा