इंजिनाला कायदा नाही

आष्टी, ७ बहमन (फसली), मंगळवार

माझा धाकटा भाऊ दत्तू आज सुटला. सडकेवरची खडी दाबायचं वाफेचं इंजिन चालवतो तो. गेल्या महिन्यात त्यानं ते एकदम मागं घेतलं आणि खडी फोडणारी सखू त्याखाली सापडून मेली.

त्या दुपारी मीच त्याला भाकरी द्यायला गेलो होतो. त्याच्या तोंडाला शिंदीचा वास येत होता. बोललो नाही. का नाही बोललो?

कचेरीत हुजुरांपुढं कागद वाचणारा पेशकार म्हणून कायदा मीच वाचला. नशेत मोटार चालवणाऱ्याला कैद. दत्तूचे वकील म्हणाले, "हुजूर, हे इंजिन आहे, मोटार नव्हे." खरंच, कायद्यात इंजिनाचं नाव नाही. राहिला निष्काळजीपणाचा आरोप. पण तो प्यायला होता हे सांगायला कुणी पुढं आलं नाही. मीही नाही. तो वास अजून नाकातून जात नाही.

बाहेर सखूचा नवरा मारुती उभा होता.

"साहेब, तुमी त्या दिशी तितं गेलते ना? त्यो पिलेला व्हता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तीच आडवी आली असंल," असं म्हणून त्यानं मला हात जोडले.