टोपीतला पारा

अब्बा,

आमच्या प्रयोगशाळेत आलेलं नवं यंत्र बघायला तुम्ही हवे होतात. सिल्लोडकडच्या एखाद्या विहिरीचं पाणी असो, नाही तर मासळीचा इवलासा तुकडा, त्यात पारा नावापुरता असला तरी हे हुडकून काढतं. नमुना तापतो, त्यातला पारा वाफ होऊन निघतो आणि आत ठेवलेल्या सोन्याला जाऊन चिकटतो. हो, सोन्यालाच. मग ते सोनं तापवलं की पारा सुटतो, दिव्याच्या उजेडातून जातो, आणि जेवढा पारा तेवढा उजेड कमी होतो. कंपनीचा माणूस हे सगळं समजावत होता आणि मी थक्क होऊन उभी होते, कारण मला शहागंजातल्या आपल्या दुकानाची मागची खोली दिसत होती.

तुम्ही शेगडीपुढं बसलेले आहात. पितळेच्या अत्तरदाणीवर सोन्या-पाऱ्याचा लगदा चोळताय. आच लागते, पारा उडून जातो आणि त्या मळकट राखाडी पितळेवर हळूहळू सोनं उमटतं. त्याहून मोठी जादू मी अजून पाहिलेली नाही. मी दारात उभी आहे, खालानं दिलेल्या नव्या बाळ्या तुम्हाला दाखवायला आलेली. तुम्ही वरही न बघता ओरडता, "सोना उतार के आ! पारा खा जाता उसकू." मला इतका राग आला होता की संध्याकाळी मी जेवले नाही. आता नव्या मुली कामाला आल्या की मीच दारात उभी राहून सांगते, अंगठ्या, बाळ्या काढून या. आवाजही तुमच्यासारखाच लागतो.

पुढं तुमचे हात कापायला लागले. चहाची बशी ओठापर्यंत नीट जाईना. उगाच चिडायचात, मग उगाच रडायचात. गल्लीनं ठरवून टाकलं की तुम्ही पिता. थेंबाला कधी न शिवलेले तुम्ही! पण अम्मीनंही एकदा विचारलंच, "सच बोलो, पीते क्या?" तुम्ही टोपी घातली आणि दुकानात गेलात. तुम्ही वारल्यावरही तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. विषय निघाला की म्हणायची, "जाने दे." मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

ती कामावरची टोपी तिनं न धुता पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. गेल्या महिन्यात मी टोपीच्या कडेचा एक धागा कापून यंत्रात ठेवला. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईनं करू नये अशी ही चूक. कणाचाही कण मोजणाऱ्या यंत्रात मी मुलामेवाल्याची टोपी घातली. पारा मोजण्याच्या पलीकडं गेला. त्यानंतर रिकामं यंत्र चालवलं तरी पाराच.

"मॅडम, काय घातलंय हो यात?" सहकारी विचारत होता.

"माझे वडील," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नाही.

टोपीत पारा सापडला म्हणजे आजाराचा दाखला मिळाला असं नाही, एवढं शास्त्र मला कळतं. तरी टोपी काचेच्या बरणीत बंद करून मी अम्मीपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. पाऱ्याच्या वाफेनं हात कसे कापतात, माणूस चिडका, रडवा कसा होतो, सगळं. मग तिनं कानातले काढून उशाशी ठेवले आणि त्यानंतरच बरणी मांडीवर घेतली. किती वर्षांनी, अब्बा, आणि तुमची शिस्त तशीच.

"मतलब पीते नै थे," ती म्हणाली.

"नै, अम्मी."

यंत्र साफ करायला सोनं पुन्हा पुन्हा तापवावं लागतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. दर खेपेला पडद्यावरची रेघ थोडी कमी उठायची. शेवटी ती सपाट झाली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला वाटत होतं, ती रेघ अजून एकदा उठावी.