एका शेताने ड्रमावलीत

३ मार्च
घोटाळा झालाय! आज पाद्रीबाबांनी हद्दीचा नकाशा दाखवला. आमची किलकोरन पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चची हद्द, ओढ्याशी संपते असं मी जन्मभर धरून चाललो होतो. संपते ती अलीकडच्या चुनाभट्टीपाशीच. म्हणजे आमचं नवं घर — परवाच पडदे लागले — ते शेजारच्या ड्रमावलीत! फक्त एका शेताच्या फरकाने.

अठरा वर्षं किलकोरनकडून हर्लिंग खेळलो, आमचा काठी-चेंडूचा खेळ. फुल-बॅक, म्हणजे गोलापुढचा शेवटचा बचाव. ड्रमावलीच्या पोरांना गोलाजवळ फिरकू दिलं नाही. दोन बोटं वाकडी, एक गुडघा कायमचा अधू, पुढचे दात खोटे — त्यांचीच कृपा. ओर्ला हसून हसून बेजार. बायकोला काय, ती डब्लिनची.

४ मार्च
ओर्लाचं हसणं थांबलं. घर जिथे, क्लब तिथला. महिनाअखेर बारा वर्षांखालच्या मुलींची नोंदणी. आमची क्लीना आयुष्यातली पहिली जर्सी घालणार — ती ड्रमावलीची! जेवण गेलं नाही.

९ मार्च
दुधाचा टँकर घेऊन ड्रमावलीत गेलो. पहिल्याच गोठ्यातून शेतकऱ्याची हाक, "या, गाववाले! गुडघा आणलाय ना सोबत? आमचा फुल-बॅक आजारी आहे!" हसलो. आतून जळफळाट.

१४ मार्च
आमच्या क्लबचा सेक्रेटरी पॅक्सी आला. चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाला, "लेका, मुलगी इथे किलकोरनमध्ये आजीकडे राहते असं लिहून टाक. म्हातारीची सही आण. संपला विषय."

"खोटं लिहू?"

"सगळेच लिहितात! आणि ऐक, क्लीना नसेल तर आपला मुलींचा संघच उभा राहत नाही."

सगळे लिहितात हे खरंच. आमचा मागचा गोलकीपर कागदावर मावशीच्या घरी राहायचा. मावशी कॅनडात होती.

१५ मार्च
क्लीनाला आजीच्या पत्त्याचं सांगितलं. ती म्हणाली, "शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी ड्रमावलीकडून खेळणार, बाबा."

म्हटलं, आपण पिढ्यान्‌पिढ्या किलकोरनचे.

"तू तुझ्या गावाकडून खेळलास ना? मग मी माझ्या गावाकडून का नाही?"

मी तिच्यावर ओरडलो. फार वाईट वाटतंय. पण संघ बुडाला तर गावात तोंड कसं दाखवू?

१६ मार्च
क्लीना बोलत नाही. ओर्लाही नाही.

२० मार्च
कागद घेऊन आईकडे गेलो. चष्मा लावून तिने तो नीट वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "नाही करत सही."

"अगं, क्लबचा प्रश्न आहे."

"माझ्या सख्ख्या भाच्यांना तू आडवं करायचास आणि मी कडेला उभी राहून टाळ्या वाजवायचे. तू माझा मुलगा म्हणून. अठरा वर्षं! आता एक नात तरी माझ्या माहेराकडून खेळू दे."

आई ड्रमावलीची, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मलाही. तिला काय वाटत असेल, हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.