वर्षावास आणि राऊटर

५ जुलै २०२०, रविवार. आषाढ पौर्णिमा.
आजपासून वर्षावास. भिक्षू तीन महिने एका जागी राहतात, अध्ययन करतात. मलाही महामंडळानं घरून काम दिलं आहे आणि प्रशिकची सहावी आमच्या आतल्या खोलीत भरते आहे. योग जुळून आला. बायको जया नर्स, तिची ड्युटी चुकत नाही. तेव्हा घर, ऑफिस आणि मुलगा, तिन्ही माझ्याकडे.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. बापलेकांनी वंदना घेणे. मग ऑफिस, जेवणाच्या सुट्टीत अपूर्णांक. याच महिन्यात अधीक्षकपदाची ऑनलाइन मुलाखत आहे. अर्धं आयुष्य एकाच खुर्चीत गेलं, आता ती बदलायलाच हवी. भिवापूरकडे आमच्या शाळेत चार वर्ग एका व्हरांड्यात बसायचे. एक मुलगा सांभाळणं म्हणजे काय!

६ जुलै
साडेसातला उठलो. शरीराला उगाच कष्ट देऊ नयेत असंच तथागतांनीही सांगितलं आहे.
वंदनेत पंचशीलातल्या चौथ्या शीलावर थांबून प्रशिकला अर्थ सांगितला. मुसावादा म्हणजे खोटं बोलणं. त्यापासून दूर राहायचं. गमतीत बी नाही? म्हणाला. म्हटलं, गमतीत बी नाही. पोरगं गंभीर झालं. शिकवण्याची हातोटी आहे माझ्यात.
अपूर्णांक उद्यापासून.

८ जुलै, दुपार
कसोटीचा दिवस. साहेबांची मीटिंग, कुकरची शिट्टी आणि प्रशिकचा ‘बाबा, छेद वर असते का खाली’ एकदमच. त्यात साहेबांनी सगळ्यांसमोर तिमाही तक्ता मागितला. तो झाला नव्हता. ‘नेटवर्क नाही’ हे जिभेवर आलंच होतं. पण शील!
मग सुचलं. उठलो, राऊटरचं बटण बंद केलं आणि फोन लावून सांगितलं, साहेब, घरी नेटवर्क नाही. शब्दन् शब्द खरा.
प्रशिक दारात उभा. म्हणे, बाबा, हे खोटं नाही का? त्याला शांतपणे समजावलं. आधी बंद केलं, मग बोललो. उलट केलं असतं तर खोटं झालं असतं. क्रमाला महत्त्व आहे.
लगेच पटलं त्याला. गणितात असं होत नाही.

१४ जुलै
पुन्हा नेटवर्क गेलं. म्हणजे घालवलं. साहेब म्हणाले, तुमची नंदनवन कॉलनी नागपुरात येते का मेळघाटात?
जया ड्युटीवरून आली ती तडक स्वयंपाकघरात. दिवसभर घरी बसून काय करून राहिले जी तुम्ही? वरणाले फोडणी नाही, पोराचं गणित नाही. मी म्हटलं, अध्ययन. ती म्हणाली, अधीक्षक होईस्तोवर भांडे तरी घासा.
घासले. दोन.
तक्ता अर्धा झाला. अपूर्णांकाला अपूर्णच म्हणतात, त्याची घाई नको.

२१ जुलै
मुलाखत शुक्रवारी अकराला. प्रशिकची गणिताची तोंडी परीक्षाही त्याच वेळेला, अदिती मॅडमकडे. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर, तो आत माझ्या मोबाईलवर. आदर्श घर असंच असतं.
त्यानं विचारलं, काही आलं नाही तर काय करू? म्हटलं, मन स्थिर ठेव आणि बापाकडे पाहून शीक.

२४ जुलै, दुपारी बारा
झालं ते लगेच लिहून ठेवतो.
कोट, टाय, खाली लुंगी. समितीत तिघं. सगळी उत्तरं चोख गेली. शेवटी त्यातल्या बाईंनी हसून विचारलं, घरून काम करताना मुलाचं शिक्षण कसं सांभाळता? माझा आवडता विषय. म्हटलं, मॅडम, मूल सांगून शिकत नाही, बापाचं पाहून शिकतं. माझ्या प्रशिकनं माझ्याकडून जे घेतलं ते...
इथे पडदा गोठला. तिघंही तोंड उघडं ठेवून थांबले.
आत धावलो. राऊटरचा दिवा विझलेला. प्रशिक शेजारी उभा राहून फोनवर सांगत होता, मॅडम, घरी नेटवर्क नाही. खरंच. खोटं वाटत असेल तर बाबाले विचारा.
त्यानं फोन माझ्या कानाला लावला. काय करणार? म्हटलं, हो मॅडम, नाही आहे.
राऊटर जागा होईस्तोवर समिती पुढच्या उमेदवाराकडे गेली होती. प्रशिकवर ओरडलो, काहून बंद केलं रे? तो म्हणाला, मी आधी बंद केलं, बाबा. मग बोललो.
क्रम बरोबर होता.

३१ जुलै
अधीक्षकपदी उमरेडचे रुपराव. सोबत मला आदेश : आपल्या निवासस्थानी नेटवर्क नसल्याचे आपण वेळोवेळी कळवले आहे, सबब सोमवारपासून कार्यालयात हजर राहावे.
आदेशात चूक काढता येत नाही. मी खरंच कळवलं होतं. वर्षावास महिन्याच्या आतच आटोपला.
जयाला सगळं सांगावं लागलं. आधी हसली. मग राऊटर कपाटावर चढवला, भिंतीला टेकवून, आणि म्हणाली, आता दोघायच्या बी हाताले लागत नाही.

१ ऑगस्ट, सकाळ
वंदना. चौथ्या शीलावर प्रशिक थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला खोकला आला.
संकल्प : यापुढे लबाडी नाही, क्रमाची सुद्धा नाही.
जया ड्युटीवर गेली. अकराला प्रशिकची फेरपरीक्षा. विचारलं, छेद कुठे असतो? म्हणाला, वर.
दहा चाळीस झाले. बापलेक मिळून स्टूल शोधून राहिलो.