ओहोटीतली बोट

प्रिय सुषमाताई,

"प्रगती, एकटी चाललीस तर आठवड्यात सोडशील. मी येते तुझ्याबरोबर." माझी साखर वाढली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. तेव्हापासून ओहोटीची वेळ बघून आपण डहाणूच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालतो. मी कुरकुरले की नणंदेच्या तोऱ्यात तुमचं ठरलेलं, "चल गं, नाहीतर माझ्या भावाला तुझं नाव सांगते."

पण हल्ली मध्येच तुम्ही थांबता. हात छातीवर, कपाळावर घाम. विचारलं तर म्हणता, "बोट येतेय, ती बघते." ताई, ओहोटीला खाडीतल्या बोटी चिखलात रुतलेल्या असतात. कुठली बोट येणार? काल तर तुम्ही वाळूतच बसलात, आणि वर मलाच दम दिलात, "नितीनला बोललीस तर उद्यापासून एकटीच चाल."

म्हणून तुमच्या मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही. घरी पोचल्याचा तुमचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे पत्र तुमच्या हातात द्यायचाही धीर होत नाही.

उद्या चालायला नको, माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. तुम्ही हसून नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी चला.

तुमची,
प्रगती