टेबलाचा चौथा पाय

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेतूनच वाकलोय. गुडघ्यातून वाकलो तर उठवायला माणूस लागतं, आणि घरातलं माणूस सध्या माझ्यावर नुसता डोळा ठेवून आहे, हात द्यायला येणार नाही.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो की ठीक आहे. तुझं लिहायचं टेबल आज सकाळी टेम्पोत चढलं. टेम्पोवाला वाटेत दोन ठिकाणी माल उतरवून परवा तुझ्या दारी येईल. हे पत्र त्याच्या आधी, म्हणजे उद्या सकाळीच, शेजारच्या शिंप्याच्या हाती तुला मिळेल. तो संध्याकाळच्या गाडीने तुझ्याच गावातल्या लेकीकडे निघालाय आणि आत्ताच दोनदा येऊन "झालं का?" म्हणून गेलाय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच रागावतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत थांबावं लागतं.

तर बोटं. गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या बोटांना मुंग्या येतात. आधी वाटलं, रंधा मारून मारून येत असतील, जातील. मग एक दिवस पटाशी हातातून सुटली ती सरळ बुटात जाऊन उभी राहिली. (बूट गेला, अंगठा वाचला. बूट तुझ्या भावजयीने हौसेने घेतलेले, त्यामुळे अंगठा गेला असता तर निदान बोलणी तरी बसली नसती असं दिवसभर वाटत होतं.) तिने मला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. बी-बारा तळाला, डी त्याच्याही खाली, लोह जेमतेम. बाई म्हणाल्या, नीट गोळ्या घेतल्या तर बोटं ताळ्यावर येतील, पण हयगय नको, नसा एकदा फार दुखावल्या की पूर्ण सुधारतीलच असं नाही. ताई, मला बाबा आठवले. शेवटी शेवटी ते रंधा मांडीवर घेऊन नुसते बसायचे, आणि कुणी आलं की धार बघतोय असं दाखवायचे. मग बाईंनी विचारलं, "गोळ्या गिळता येतात ना?" एवढा धिप्पाड सुतार, मानेचा घेर हा असा, मागे दोन बायका कान देऊन बसलेल्या. मी म्हणालो, "म्हणजे काय!"

आता तुला काय सांगायचं? माझं गोळीशी कधी जमलं ते तूच सांग. लहानपणी तू मला आडवा पाडून, छातीवर बसून, नाक धरून गोळी घालायचीस आणि मी ती तुझ्याच अंगावर उडवायचो. आयुष्यभर अपमान गिळले, राग गिळला, गिऱ्हाइकांपुढे मूग गिळून बसलो, पण गोळी म्हटली की घशाचं दार आतून कडी लावून घेतं. पाणी जातं, गोळी राहते. तांब्याभर पाणी प्यायलो तरी ही बया जिभेवर बसून असते, जराशी विरघळलेली आणि कडू. आणि या गोळ्यांचा आकार बघशील तर त्या माणसासाठी केल्यात की बैलासाठी असा प्रश्न पडतो. (थांब, शिंपी आला वाटतं. नाही, वाऱ्याने दार वाजलं. उठलोच आहे तर एक चक्कर मारून येतो.)

आलो. कुठे होतो? हां. प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. केळ्यात घालून बघितली. केळं गेलं, गोळी गालात राहिली. कुणीतरी म्हणालं मान खाली करून गिळा, तर ती नाकाच्या बाजूला चढायला लागली. शेवटी मी विचार केला, वस्तू दारातून जात नसेल तर सुतार काय करतो? कडा घासतो. बारीक पॉलिश पेपर घेतला आणि गोळीला चारी बाजूंनी अशी गोलाई दिली की बघत राहावं. गोळी सुंदर झाली. पण वरचं गुळगुळीत कवच गेलं आणि आतून जे निघालं ते जिभेला लागताच मी दुकानाबाहेर येऊन थुंकलो, नेमकं समोरून गिऱ्हाईक येत होतं. औषधवाल्याला हळूच विचारलं तर तो भडकलाच. म्हणाला, ते कवच उगाच नसतं, विचारल्याशिवाय गोळी घासू नका, कुटू नका, डॉक्टरांना सांगा, याच गोष्टी थेंबात मिळतात, चघळायच्या मिळतात, पाण्यात विरघळणाऱ्या मिळतात. ते 'डॉक्टरांना सांगा' मी ऐकलंच नाही. विरघळणाऱ्या तेवढ्या ऐकल्या आणि त्या गोळ्यांची एक नळी विकत घेतली. पाण्यात टाकायची ती मी थेट तोंडात टाकली, कारण विरघळतेच आहे तर मध्ये पेला कशाला? तेवढ्यात एक बाई कपाटाचं माप सांगायला आल्या. मी टेप धरलाय आणि माझ्या तोंडातून, नाकातून नारिंगी फेस येतोय. बाई कपाट, माप, छत्री सगळं सोडून पळाल्या. छत्री अजून दुकानात आहे.

त्यानंतर तुझ्या भावजयीने पहारा बसवला. रोज सकाळी पेला आणि गोळ्या घेऊन समोर उभी. मी गोळ्या गालात सारायचो, घोट घ्यायचो, "आ" करून दाखवायचो (तिला गालाचा आतला कोपरा दिसत नाही, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं) आणि तडक दुकानात. पण टाकायच्या कुठे? केराची टोपली ती बघते. मोरीत टाकाव्या तर मोरीही तीच धुते. तर तुझ्या टेबलाचे पाय खरादावर फिरवून गोल उतरवताना एक जरा बारीक झाला होता, तो बाजूला टाकून मी दुसरा केला होता. त्या टाकलेल्या पायाला तळातून गिरमिटाने लांब भोक पाडलं, त्यात गोळ्या, वर वाजू नये म्हणून भुसा, आणि त्याच लाकडाची खुंटी. अशी बेमालूम, की डोळ्याला दिसायची नाही, बोटाला तेवढी लागायची. मुद्दामच केसभर वर ठेवली होती, ओळख म्हणून. टेबलाचा पाय कोण उघडून बघतं?

एवढंच होतं. बाकी विशेष काही नाही. घरी सर्वांना नमस्कार, आणि टेबल आवडलं की कळव. शिंपी आता उंबऱ्यातच उभा आहे आणि बोटांनी चौकट वाजवतोय.

तुझा
ठोक्या

ता. क. टेम्पो कोपऱ्यावर वळला, पहिला खड्डा लागला, आणि खुळखुळ असा आवाज मला दुकानापर्यंत ऐकू आला. धावत आत गेलो. कोपऱ्यात एक पाय उरला होता. तळ चाचपला, काही लागलं नाही. पण बोटाचा आता भरवसा नाही, म्हणून ओठ लावून बघितला. गुळगुळीत. म्हणजे नको तो पाय तुझ्या टेबलाला गेला. टेबल आल्यावर वाजेल. भावोजींना काही झालं तरी खोलून बघू देऊ नकोस. त्यांना स्क्रू ड्रायव्हर दिसला की हात शिवशिवतात. विचारलंच तर सांग, नवं लाकूड आहे, बोलतं.

ता. क. दुसरा. हे लिहायला बसलो ते खरं यासाठी. तू ये. माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चल आणि तूच सांग, माझ्या भावाला गोळी गिळता येत नाही, थेंब द्या, सुई द्या, काहीही द्या. माझ्या तोंडून ते निघत नाही. चाळीस वर्षं मी लाकडाचा पोत डोळे मिटून सांगत आलोय, आणि काल पाय बसवताना स्वतः ठोकलेली खुंटी मला लागली नाही. सकाळपासून एका जागी बसवत नाही ताई. सारखा उठतो आणि एखादी फळी चाचपून बघतो.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक मागायला आत गेलो तर तुझी भावजय म्हणाली, "टेम्पोत वाजलं का?" तिला पंधरवड्यापूर्वी झाडताना तो पाय सापडला होता. तळाची खुंटी तिच्या बोटाला लागली, जोरात हलवला तर आत गोळ्या वाजल्या. तिने तो होता तसा परत ठेवला. काल मी जोडणीला बसलो तेव्हा चांगला पाय कोपऱ्यात सारून तिनेच हा वाजणारा माझ्या हाताशी ठेवला आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "मला वाटलं हाताला लागेल आणि चोरी पकडल्यासारखं तोंड कराल. तुम्ही खुंटीवरून दोनदा अंगठा फिरवलात आणि शीळ घालत पाय बसवलात. मग मी आत जाऊन रडले." रडून झाल्यावर तिने तुला फोन केला म्हणे. म्हणजे तुला कालपासून सगळं ठाऊक आहे आणि तुझी पिशवीसुद्धा भरून झाली आहे. तरी हे पत्र देतोच पाठवून, इतकं लिहिलंय आणि शिंपीही थांबलाय. लवकर ये. या वेळी नाक धरलंस तरी चालेल.