मुक्ता हसली तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ

बायपोलरची गोळी बदलल्यापासून मुक्ताचे हात जरा थरथरतात. आधीच्या गोळीनं पोर दिवसभर झोपूनच असायची. त्यापेक्षा हे बरं म्हणायचं का?

आज हट्टानं घावनं घालायला उभी राहिली. पीठ तव्यावर भलतीकडेच सांडलं. ते बघून खो खो हसली. "आई, भाट्याची खाडी झाली बघ!"

हे साधं हसणं, की आजार वर चढताना हसते तसलं? तोंडून निघूनच गेलं, "गोळी घेतलीस ना गो?"

हसू मावळलं. "घेतली. मी नुसती हसत्ये गो आई."

नुसतंच हसणं होतं ते. मला कळायला हवं होतं. ती वेडीवाकडी खाडी मीच ताटात घेतली, खाता खाता मलाही हसू फुटलं.

मुक्तानं डोळे बारीक केले. "आई, तू घेतलीस का गोळी?"